उष्ट्यानं पुसलेलं धुकं

आधी एक घाणेरडी गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. जुनी तैलचित्रं आम्ही थुंकीनं पुसतो. बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवून ओला करायचा आणि चित्रावरून हलक्या हातानं फिरवायचा. कापूस काळा झाला की टाकायचा, नवा गुंडाळायचा. युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या मागच्या खोल्यांमध्ये पांढरे कोट घातलेली, दोन-दोन पदव्या घेतलेली माणसं दिवसभर हेच करत असतात. लाळ कोमट असते, सौम्य असते, तिच्यातली पाचक द्रव्यं मेणबत्त्यांची काजळी, सिगारचा धूर, माश्यांची घाण असं सगळं सोडवतात आणि खालच्या रंगाला सहसा धक्का लावत नाहीत. इतकं शहाणं रसायन कुठल्या बाटलीत मिळत नाही.

शिरोड्याला आईला हे मी फोनवर पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या लांब गेलंस ता उष्टी काढूक गो?"

मला राग आला होता. राग मला लवकर येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण नंतर विचार केला, म्हातारी काही चुकीचं बोलली नाही. दुसऱ्यांच्या आज्या-पणज्यांवर बसलेला मळ काढण्यात माझी हयात गेली. जर्मनीत डार्मश्टाटला आमच्या घरापासून दोन ट्राम-थांब्यांवर माझं वर्कशॉप आहे. उत्तरेकडे मोठी खिडकी, दोन ईझल, एक सूक्ष्मदर्शक आणि बरण्यांत कापूस. आमचे हे औषधाच्या कंपनीत होते, ते म्हणायचे, "आम्ही कोट्यवधी खर्चून जे बनवतो ते तू सकाळचा चहा पिऊन बनवतेस."

गिऱ्हाइकांना मात्र हे सांगायचं नाही, हा धडा मला बाड हॉम्बुर्गच्या एका गृहस्थांनी दिला. आजोबांचं चित्र न्यायला ते ठरल्या वेळेच्या आधी आले आणि मी काडी तोंडात घातलेली असताना दारात उभे राहिले. मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अत्यंत सभ्य आवाजात विचारलं, "ठीक, पण फ्राऊ मिराशी, तुम्ही तिखट फार खाता ना?" तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "खाते. आणि तुमच्या आजोबांच्या नाकावर जे पिवळं बसलं होतं ते माझ्या तिखटाचं नाही, तुमच्या घराण्याच्या सिगारचं आहे." गृहस्थ चित्र घेऊन गेले ते गेलेच. तेव्हापासून कागदावर मी 'सौम्य जलीय स्वच्छता' असं लिहिते. ते खोटं नाही. लाळेत पाणीच जास्त असतं.

कागदाचं म्हणजे अहवालाचं आमच्यात फार असतं. चित्र हातातून जाताना त्याच्याबरोबर अहवाल जातो: काय आढळलं, काय काढलं, कशानं काढलं. पन्नास वर्षांनी दुसरा कुणी ते चित्र उघडून बसेल तेव्हा तो तुमच्या शब्दावर विसंबून चित्राला हात लावणार असतो. अहवालात थाप मारणारा रिस्टोरर म्हणजे चुकीचं औषध लिहून देणारा डॉक्टर. माझ्या अहवालांत मी कधी थाप मारली नव्हती. दोनदा स्वतःच्या हातून रंगाचा टवका उडाला, तोही मोजमापासकट लिहिला होता. या एका गोष्टीचा मला ताठा होता.

आता मुद्द्यावर येते.

काही वर्षांपूर्वी एका मध्यम शहराच्या संग्रहालयातून फोन आला. शहराचं नाव सांगत नाही, आणि तिथल्या क्युरेटरलाही इथे केलरमान म्हणते. डॉ. केलरमान तरुण, उत्साही, चष्म्याची फ्रेम लाल. म्हणाले, "तैवानच्या एका चित्रकर्तीचं प्रदर्शन करतोय. अकरा निसर्गचित्रं आहेत, सगळी मळलेली. आम्हाला तुम्हीच हव्यात. तुमच्याकडे त्या भागाची एक आतून जाण असेल."

त्या भागाची! शिरोड्याहून तैवान केवढं लांब आहे हे यांनी कधी नकाशात तरी पाहिलं होतं का? मी तैवानी माणूस आयुष्यात एकच पाहिला होता, तो आमच्या इमारतीतला दंतवैद्य. पण काम मोठं होतं, संग्रहालयाचं होतं. मी राग गिळला आणि हो म्हटलं. ही पहिली चूक नव्हे, पण सुरुवात तिथूनच झाली.

चित्रकर्तीचं नाव लाय शुए-मेइ. मी त्यांना लायबाई म्हणते. तैनानजवळच्या एका मिठागरांच्या गावात जन्म. विशीत नर्स म्हणून जर्मनीत आल्या, हायडेलबर्गच्या एका इस्पितळात निवृत्तीपर्यंत काम केलं. ड्यूटी संपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅनव्हास आडवा ठेवून रंगवायच्या. चाळिशी उलटल्यावर पहिलं प्रदर्शन. पन्नास वर्षं नेकार नदीच्या काठी राहून बाईंनी नेकार एकदाही रंगवली नाही. दर दोन-तीन वर्षांनी गावी जायच्या आणि परत येऊन तेच रंगवायच्या: मिठागरं, मत्स्यतळी, चहाचे उतार, मधले उंच डोंगर. आडवी, लांबलचक चित्रं. आणि सगळ्या चित्रांत माणूस औषधालासुद्धा नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना 'रिकाम्या प्रदेशांची चित्रकार' असं नाव ठेवलं होतं. कॅटलॉगच्या मसुद्यात 'अतिपूर्वेची ध्यानस्थ शांतता' हे शब्द चार वेळा होते, मी मोजले. मिठागरात शांतता? आमच्या शिरोड्याच्या मिठागरांत बायका पायांना भेगा पडेपर्यंत मीठ ओढायच्या आणि मुकादमाच्या नावानं बोटं मोडायच्या. शांतता म्हणे.

अकराही चित्रं एका श्रीमंत माणसानं विकत घेऊन शेकोटीच्या दालनात लावली होती आणि मरताना संग्रहालयाला दिली होती. म्हणून त्यांच्यावर जो करडा थर होता तो शेकोटीचा धूर, असं सगळेच धरून चालले. मीही. प्रदर्शनाचं नाव 'उष्ण प्रदेशाचा प्रकाश' ठरलं होतं आणि चित्रं तर नोव्हेंबरातल्या डार्मश्टाटसारखी दिसत होती. केलरमानना प्रकाश हवा होता.

आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की चित्रकार जिवंत असेल तर आधी त्याला विचारा. मी विचारलं नाही. केलरमान म्हणाले होते, "बाई फार थकल्यात, ऐकू कमी येतं, त्यांना त्रास नको. सगळं आमच्यामार्फत." फाइलमध्ये हायडेलबर्गचा फोन नंबर होता. मी तो पाहिला आणि पान उलटलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मला तो थर मळच वाटला, आणि मळाबद्दल कुणाला काय विचारायचं, अशा घमेंडीत मी होते.

पहिलं चित्र मिठागरांचं घेतलं. फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढा चौकोन पुसून पाहिला. खाली निळा निघाला, असा निळा की मी खुर्चीतून उठले. मग आठ दिवस बसून सगळं चित्र पुसलं. काम इतकं सोपं झालं की मला शंका यायला हवी होती. धूर सुटायला एकाच जागी दहा-पंधरा वेळा कापूस फिरवावा लागतो. हा करडा थर दोन फेऱ्यांत यायचा. मी मनात म्हणत होते, हात बसलाय आता.

सातव्या दिवशी बांधावर माणसं निघाली. दोन मिठागरांच्या मधल्या अरुंद बांधावरून तीन माणसं चालली होती, बोटाच्या पेराएवढी, पाठमोरी. मधला जरा वाकलेला. मी केलरमानना फोन केला आणि ते त्याच दिवशी गाडी हाकत आले. चित्रासमोर उभे राहून टाळ्या वाजवायचेच बाकी होते. "गेनाऊ! हेच, अगदी हेच! मीठकामगार घरी चाललेत! आणि जग त्यांना रिकाम्या प्रदेशांची चित्रकार म्हणत होतं!" त्यांनी तिथेच ठरवलं की पोस्टरवर हेच चित्र जाणार. गावातल्या वर्तमानपत्रात चित्राशेजारी माझा फोटो आला. त्या संध्याकाळी मी घरी केक नेला. एवढी मी खूश होते.

दुसरं चित्र चहाच्या उतारांचं. दिवा बाजूनं लावून आम्ही पृष्ठभाग पाहतो, म्हणजे उंचसखल सावल्या पडतात. तो लावला आणि हातातली काडी खाली ठेवली. त्या करड्या थरात ब्रशाचे फटकारे होते. रुंद, आडवे, सावकाश मारलेले. आणि थर सगळीकडे नव्हता. दरीत होता, उतारांच्या पायथ्याशी होता, वरच्या कड्यांवर अजिबात नव्हता. धूर अशी जागा निवडत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली राख दिसली. राख कशानं चिकटली असेल? माझ्याकडे आयोडिनची बाटली असते. थराचा कणभर तुकडा काचेवर घेतला आणि थेंब टाकला. शाळेत बटाट्यावर करतात तो प्रयोग. तुकडा गर्द निळा झाला.

स्टार्च होता तो, भाताची पेज. बाईंनी पेजेत राख कालवून चित्रावर धुकं रंगवलं होतं.

मी शिरोड्याची मुलगी. माझ्या घरात रोज सकाळी पेज व्हायची, आईच्या सुती साड्यांना पेजेचीच कांजी असायची. भात तोंडात घोळवत ठेवला की गोड लागायला लागतो, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. लाळ स्टार्चला तोडते म्हणून तो गोड होतो. जगातल्या सगळ्या द्रावणांतून मी नेमकं तेच घेतलं होतं जे पेजेला विरघळवतं. 'आतून जाण' म्हणून मला बोलावलं होतं ना? ती जाण माझ्या तोंडात होती आणि तिनं बाईंचं धुकं खाऊन टाकलं होतं.

फाइल उघडून नंबर लावला. दुसऱ्या घंटेला फोन उचलला गेला. आवाज खणखणीत. ऐकू कमी येतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी हायडेलबर्गला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ऐंशी उलटलेल्या लायबाई भाजीची पिशवी घेऊन माझ्या पुढे जिना चढत होत्या. बुटक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, जर्मन अस्सल हायडेलबर्गी. कॉफी आणि आलुबुखाराचा केक समोर ठेवला. हात थरथरत होते, कप बशीवर वाजत होता.

मी काही प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "तुमच्या मिठागरांच्या चित्रावरचं धुकं मी पुसलं. मला तो मळ वाटला."

"किती पुसलंस?"

"सगळं."

त्यांनी कप खाली ठेवला. "तिघं दिसतात?"

"दिसतात."

मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील मिठागरावर कारकून होते आणि संध्याकाळी कामगारांना लिहायला-वाचायला शिकवायचे. तेव्हा तिथे लष्करी कायदा होता. लायबाई नऊ वर्षांच्या असताना एका सकाळी दोन शिपाई आले आणि वडिलांना बांधावरून घेऊन गेले. छोटी शुए-मेइ मिठाच्या ढिगामागे उभी राहून पाहत होती. ते परत आले नाहीत. प्रेत मिळालं नाही, मेल्याची तारीख मिळाली नाही, म्हणून घरातल्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या ओळीत त्यांच्या नावाची पाटी लागली नाही आणि त्यांच्यासाठी कधी उदबत्ती लागली नाही. आई एवढंच म्हणाली, विचारायचं नाही.

"त्या सकाळी धुकं होतं?" मी विचारलं.

"छे. लख्ख ऊन होतं. सगळं दिसत होतं. ते तसं मला बघवत नाही."

त्यांनी खण उघडून लाल कापडाची एक छोटी पुरचुंडी काढली. गावच्या देवळातल्या उदबत्त्यांची राख. तिकडचे लोक परदेशी जाताना ती बरोबर घेतात, म्हणजे देव पाठीशी राहतो. अंगाराच तो, दुसरं काय! दर वेळी गावाहून येताना बाई ती आणायच्या, पेज पातळ करायच्या, तिच्यात ही राख कालवायच्या आणि वडिलांवर घालायच्या.

"मी त्यांना लपवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माणूस गेला की त्याच्यावर पांघरूण घालतात ना, तसं घातलं होतं. उदबत्ती लावायला दुसरी जागाच नव्हती."

मी त्या अंगाऱ्याला उष्टं लावलं होतं. आईला हे कळलं असतं तर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

"बाकीच्या चित्रांत?" मला विचारवत नव्हतं.

"सगळ्यांत. चहाच्या मळ्यात, तळ्याच्या काठानं, डोंगरातल्या वाटेवर. मी जिथे जाईन तिथे ते चालतायत. अजून कुठे पोचले नाहीत."

मला रडू फुटलं. बाईंनी केकची बशी माझ्याकडे सरकवली. "रडायला आलीस की विचारायला?"

"विचारायला. काय करू?"

"झाक परत."

"मला नाही करता येणार. तुमच्या हातचं मी रंगवलं तर ते खोटं चित्र होईल."

"मग मी झाकते."

"चित्र संग्रहालयाच्या मालकीचं आहे, लायबाई. त्यांना विचारल्याशिवाय तुम्हालाही हात लावता येत नाही."

"बाप माझ्या मालकीचा आहे," त्या म्हणाल्या.

मी रीतसर रस्ता आधी धरला, हे नमूद करते. केलरमानना वर्कशॉपवर बोलावलं. वडिलांबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. एवढंच म्हटलं की थर मळाचा नाही, चित्रकर्तीनं स्वतः लावलेला आहे, चूक माझी आहे, बाईंना तो परत लावायचा आहे आणि उरलेल्या दहांना कुणी हात लावू नये.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं बघा, फ्राऊ मिराशी. पोस्टर छापून झालंय."

"मग बदला."

"लोकांना तिघं कामगार फार आवडलेत. आणि मला सांगा, बाकीच्या दहांतही अशी माणसं असली तर? केवढी खळबळ उडेल!"

"बाईंना ते नकोय."

"या वयात कलावंतांना आपल्या कामाचं भलं कशात आहे ते नेहमीच कळतं असं नाही," हे महाशय मला म्हणाले. "तुम्ही अहवालात मळाचा थर असं लिहा. तुमचंही नाव राहील, आमचंही काम होईल."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांवर ओरडले आहे, पण त्या दिवशीइतकी कधी नाही. बाईला ऐकू येत नाही म्हणून परस्पर सांगून टाकणारा तू, तिच्या चित्रात काय असावं हे ठरवणारा तू, आणि 'ध्यानस्थ शांतता' चारदा लिहिणारा तू! मी पुढची दहा चित्रं साफ करणार नाही, असं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ठीक आहे, गुरुवारी व्हॅन येईल, अकराही चित्रं परत पाठवा, आम्ही दुसरा माणूस बघतो.

तो सोमवार होता. दुसरा माणूसही काडीला कापूसच गुंडाळणार होता. आम्ही सगळे एकाच शाळेत शिकलेलो. दोन फेऱ्या, आणि दहाही चित्रांतलं धुकं जाणार. दहा वेळा तो माणूस दोघांच्या मधून लख्ख उन्हात चालत जाणार, पोस्टरांवर, पोस्टकार्डांवर, उशांच्या अभ्र्यांवर.

मुलीला फोन केला. मुक्ता इथेच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. मी म्हटलं, "बाईंना बुधवारी वर्कशॉपवर बोलवतेय. त्या स्वतः चित्र झाकतील."

"ममा, दास इस्ट श्ट्राफबार."

"गुन्हा आहे ते मलाही माहितेय."

मग मुक्ता आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच पूर्ण वाक्य मराठीत बोलली. "मग दार लावून घे."

बुधवारी सकाळी मी स्टेशनवरून लायबाईंना आणलं आणि दार आतून लावून घेतलं. तांदूळ त्यांनी स्वतः आणले होते. शेगडीवर पेज मी केली, त्या शेजारी उभ्या राहून नावं ठेवत होत्या. "दाट आहे. अजून पाणी. ही काय जेवायची आहे?" मग वाटीभर पेज वेगळी काढली, पुरचुंडी सोडली, राख घातली. पुरचुंडी रिकामी झाली. प्रवास आता झेपत नव्हता, म्हणजे ही शेवटचीच.

चित्र टेबलावर आडवं ठेवलं. बाईंनी रुंद ब्रश बुडवला आणि त्यांचा हात इतका हलायला लागला की मी पुढे होऊन कोपर धरायला गेले.

"सोड," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला जसं येईल तसं येईल."

पाण्यावर, मिठाच्या ढिगांवर, बांधावर करडा पट्टा सरकत गेला. पूर्वीसारखा गुळगुळीत नव्हता. त्यात थरथर उमटत होती आणि ती लपवायचा बाईंनी प्रयत्न केला नाही. दोघं शिपाई आधी झाकले. मधल्या माणसापाशी ब्रश थांबला. बाई त्यांच्या भाषेत काहीतरी हळू बोलल्या, चार-पाच शब्द. अर्थ मी विचारला नाही. मग त्यांनी तिथे ब्रश ठेवला आणि तो माणूस गेला.

दुपारपर्यंत थर वाळला. उरलेली पेज आम्ही दोघी लिंबाच्या लोणच्याबरोबर जेवलो. लोणचं त्यांना खारट वाटलं नाही, मिठागरावरच्या बाई त्या.

बाईंना गाडीत बसवून आले आणि अहवाल लिहायला बसले. मिठागरांच्या चित्रावरचा मूळ थर मी चुकून काढला, हे लिहिलं. तो चित्रकर्तीनं माझ्या वर्कशॉपमध्ये, माझ्या समक्ष पुन्हा लावला, हेही लिहिलं. थर मळाचा नसून चित्राचा भाग आहे, असं अधोरेखित केलं. मग पुढचा रकाना आला: थर कशानं सुटतो?

खरं लिहिलं असतं तर तो रकाना म्हणजे पुढच्या माणसासाठी किल्ली झाली असती. कॅटलॉगवाल्यांनी 'चित्राचा भाग' हे वाचून खांदे उडवले असते आणि 'लाळ' वाचून कामाला लागले असते.

मी लिहिलं: पाणी, मद्यार्क आणि इतर नेहमीच्या द्रावणांनी सुटत नाही. मिठागरांच्या चित्रावरून मी तो शल्यचाकूनं कोरडा खरवडला. त्यात खालचा मूळ रंग अनेक ठिकाणी उखडला व मला तो भरून काढावा लागला. उरलेल्या दहा चित्रांवर हा प्रयोग कोणीही करू नये. खाली सही केली.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, ते बाहेरच्यांना समजायचं नाही. कोवळ्या रंगावरून चाकूनं खरवडणं म्हणजे आमच्याकडे खाटीकखाना. गुरुवारी व्हॅन गेली. शुक्रवारी केलरमानचा फोन आला, मी कानापासून लांब धरून ऐकला. तक्रार त्यांनी पोलिसांत दिली नाही, कारण मग अहवालात मळ लिहा म्हणाल्याचं स्वतःचं प्रकरणही बाहेर आलं असतं. प्रदर्शन झालं. बाहेर भिंतभर निळं पोस्टर, आत करडं चित्र, लोक दारापासून चित्रापर्यंत आणि परत दारापर्यंत जाऊन गोंधळत होते. उरलेली दहा त्यांनी दोन रिस्टोररांना दाखवली. दोघांनी माझा अहवाल वाचला आणि नकार दिला. त्यांतली एक माझीच विद्यार्थिनी, तिला काडीला कापूस कसा गुंडाळायचा ते मी शिकवलंय. पुढच्या वर्षी एका सभेत ती मला पाहून दुसऱ्या दारानं बाहेर गेली. संग्रहालयांची कामं बंद झाली. 'ती चाकूवाली' असं माझं नाव पडलंय, हे मुक्तानं कुठूनसं ऐकून सांगितलं. मला राग येतो. रोज येतो. ज्यानं खोटं लिहायला सांगितलं तो आज मोठ्या संग्रहालयात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि ज्या हातानं आयुष्यभर चित्राला ओरखडा काढला नाही तो हात लोकांना दाखवायला लाज वाटते.

हे सगळं मी मागच्या महिन्यात हायडेलबर्गला जाऊन लायबाईंना सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं. त्या खूप हसल्या. "चाकूनं? तू?"

मग हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "कुणालातरी सांगितल्याशिवाय तुला झोप लागणार नाही, तोंडावरच दिसतंय. लिही जा. चिनीत लिहिलंस तर माझं गाव वाचेल, जर्मनमध्ये लिहिलंस तर तो संग्रहालयवाला वाचेल. तुझ्या भाषेत लिही."

म्हणून या दिवाळी अंकात लिहिलं. माझी एकच विनंती आहे, वाचून झाल्यावर कृपा करून कुणी याचं भाषांतर करू नका.